पट्टेवाल्याचे पट्टे

चौतीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसलेल्या माणसाला गल्लीत सगळे 'पट्टेवाला' म्हणत. नवा कोणी राहायला आला की त्याला वाटे, हा नोकरीत असताना एखाद्या साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसत असणार. मग कोणीतरी त्याला समजावी, "अहो, तसला पट्टेवाला नव्हे. हा पट्टे जमवतो. घोडदळातल्या शिपायांचे, काडतुसं ठेवायचे." ते ऐकून नवा माणूस आणखीच बुचकळ्यात पडे.

त्याची सुरुवात अशी झाली. कारखान्यात एकदा लष्कराच्या गोदामातलं जुनं चामडं गाठोडी बांधून आलं. ते कापून किल्ल्या ठेवायची पाकिटं करायची होती. पट्टेवाल्याच्या पुढ्यातल्या गाठोड्यात एक लांबलचक पट्टा निघाला. डाव्या खांद्यावरून तिरका घालायचा, पुढे पाच आणि पाठीवर चार कप्पे, प्रत्येक कप्प्याला झाकण, झाकणाला पितळी बटण. आत वर्षाचा शिक्का होता, शंभराच्या आसपास वर्षं झालेली. त्याने कात्री उघडली आणि तशीच धरून ठेवली. टाके हाताने घातलेले होते. इंचात दहा, आणि एक टाका दुसऱ्यापेक्षा केसभरही लांब नव्हता. मशीनवर जन्म गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ चांगला कळत होता.

फोरमनला विचारून तो पट्टा त्याने घरी आणला. बायकोने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं. आणि घोडा कुठे बांधलाय?"

मग दुसरा आला, तिसरा आला. भंगारवाले, बंद पडलेले तबेले, म्हाताऱ्या शिपायांच्या नातवंडांची माळ्यावरची ट्रंक, असं करत एकोणतीस वर्षांत एक्केचाळीस पट्टे झाले. त्यांत दोन तर घोड्याच्याच गळ्यात घालायचे होते. मधल्या खोलीत भिंतीला आडव्या नळ्या ठोकून त्याने ते ओळीने टांगले. पाहुणा आला की मेहुणा डोळे मिचकावून म्हणे, "सांभाळून हं, दाजींची पलटण झोपलीय आत."

लोकांना वाटे, याला लढायांचा नाद. तसं मुळीच नव्हतं. कुठली लढाई कोण जिंकलं हे त्याला धड सांगता यायचं नाही. "मला बंदूकवाल्याचं काही पडलेलं नाही," तो म्हणे. "मला शिवणाऱ्याचं पडलंय." चार पट्ट्यांवर त्याला एक खूण सापडली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आरीने टोचलेली तीन बारीक भोकं. चारही पट्टे एकाच माणसाच्या हातचे. तो माणूस कोण, कुठला, हे कळायचा मार्ग नव्हता. पण त्याचा डावा हात उजव्यापेक्षा जोरकस होता, एवढं पट्टेवाल्याने टाक्यांच्या कलावरून ताडलं होतं, आणि एखाद्या चुलत्याबद्दल सांगावं तसं तो ते सांगे.

रविवारची सकाळ तेलाची. कारखान्यात चामड्याला लावायचं तेल, त्यात मेण वितळवायचं, कोमट असताना फडक्याने चोळायचं. स्वतःचे गुडघे गेल्यापासून बायकोही वेताच्या मोड्यावर बसून मदतीला येई. कप्प्यांचे कोपरे तिच्या वाटणीचे, कारण तिची बोटं बारीक. दोघं फारसं बोलत नसत. नळीवरून एक पट्टा काढायचा, मांडीवर घ्यायचा, चकाकी आली की परत टांगायचा. वर्षानुवर्षं हेच.

यंदा लेकीनेच विषय काढला. "बाबा, तुमच्यामागे हे कोण सांभाळणार? मला नाही जमायचं, आत्ताच सांगते. वस्तुसंग्रहालयाला देऊन टाका." त्याला आधी राग आला, मग पटलं. त्याने पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, आमच्या जतन विभागातल्या बाई येऊन पाहून जातील.

बाई आल्या त्या दिवशी सकाळीच तो इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. बाई लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, टेबलावर मऊ कागद अंथरला आणि पहिला पट्टा असा उचलला की पट्टेवाल्याचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत असं कोणी हाताळलं नव्हतं.

त्यांनी एक झाकण उघडलं. ते त्यांच्या हातातच आलं.

"असू दे, असू दे," तो घाईने म्हणाला. "जुनं झालंय."

बाईंनी शिवणीची कड भिंगाखाली धरली. मग दुसरा पट्टा घेतला, तिसरा घेतला. शेवटी म्हणाल्या, "काका, तुम्ही याला काय लावता?"

त्याने कौतुकाने सगळी कृती सांगितली. तेल किती, मेण किती, फडकं कसलं.

"किती वेळा?"

"दर रविवारी. हिच्या ऑपरेशनचा एक रविवार सोडला, तर खाडा नाही."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "काका, रागावू नका. तेलानेच हे झालंय. ते आत मुरत गेलं, चामडं फुगून मऊ पडलं, आणि दोरा कुजला. बघा." त्यांनी चिमट्याने एक टाका नुसता हलवला. दोऱ्याचा भुगा झाला.

"मी चौतीस वर्षं चामड्यात काढलीत, बाई."

"नव्या चामड्यात, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात ना तोरा होता, ना दोष देणं. तसं काही असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"काढता येईल का? तेल?"

"नाही. तेल काढायला गेलं तर उरलंय तेही जाईल."

दुपारपर्यंत त्यांनी एकूण एक पट्टा पाहिला. तीन भोकांचे चार पट्टे सगळ्यांत खराब निघाले. लाडके म्हणून त्यांच्यावरून दोनदा हात फिरे. बाईंनी दोनच पट्टे नेले. दोन्ही परवाच एका तबेल्याच्या कौलांखाली सापडलेले, धुळीने माखलेले, अजून तेलाचा हात न लागलेले.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय म्हणाल्या?"

"दोन नेले."

"दोनच? आणि बाकीचे?"

"बघू म्हणाल्या," तो खोटं बोलला.

ते खोटं चार दिवस टिकलं. रविवारी आंघोळ उरकून तो बाहेर येतो तर बायकोने स्टोव्हवर तेलाची वाटी ठेवलेली, मोडा ओढलेला, आणि मांडीवर पट्टा. ती एका कोपऱ्यात बोट घालून चोळत होती.

"थांब," तो म्हणाला. "अगं, थांब. नको लावूस."

मग त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याचं संपल्यावर तिने फडकं वाटीच्या काठावर ठेवलं आणि स्वतःच्या तेलकट बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे कोपरे मी घालवले," ती म्हणाली.

"तू कशाला? शिकवलं कोणी तुला?"

"शिकवलंत तुम्ही. घासले मीच ना?"

दुसऱ्या कोणी घालवले असते, चोराने, वाळवीने, आगीने, तर दोघांनी मिळून त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

पुढचे काही महिने पट्टे आपोआप सुटत गेले. रात्रीत एखादा कप्पा गळून पडे, सकाळी बटण फरशीवर सापडे. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखा शिवणारा घरात बसलाय. शिवून काढा की." त्यालाही ते सुचलं नव्हतं असं नाही. एका दुपारी त्याने आरी काढली, दोऱ्याला मेण लावलं, चष्मा पुसला आणि तीन भोकांचा एक पट्टा पुढ्यात घेतला. जुनीच भोकं होती, नुसता दोरा ओवायचा होता. दोन टाके त्याने घातले. चांगले पडले, अगदी सरळ. त्यांच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. ते टाके त्याचे स्वतःचे होते. असे सगळे शिवले असते तर पट्टा उभा राहिला असता, पण ज्या शिवणाऱ्यासाठी तो सांभाळला होता त्याचं त्यात काहीच उरलं नसतं. त्याने ते दोन टाके उसवले. उसवताना चामड्याची कडच फाटून हातात आली.

त्यानंतर तो मधल्या खोलीत गेला नाही. लेकीने येऊन पट्टे कागदात गुंडाळले, खोक्यांत भरले आणि खोकी पलंगाखाली सरकवली. नळ्या तेवढ्या भिंतीवर राहिल्या. बायकोने विचारलं, तिथे कपडे वाळत घालू का? तो म्हणाला, घाल.

मेहुण्याने येताजाता थट्टा करणं सोडून दिलं. उलट एकदा त्याने फार आस्थेने विचारलं, "दाजी, दुसरं काहीतरी जमवा ना. वेळ जाईल."

पट्टेवाला खिडकीशी बसला होता. त्याने मान हलवली. "नको," तो म्हणाला. "माझा हात लागायला नको कशाला."