जोड्या मोडणारा कॅप्टन

अंतराळातल्या मालिका मी पाहायला लागले ते इंग्रजी सुधारावं म्हणून. नाशिकला बी.एस्सी.ला आले तेव्हा वर्गात काय विचारलं ते कळायचं, पण उत्तर तोंडातून निघायचं नाही. आमच्या निफाडकडच्या शाळेत इंग्रजी वाचायचं आणि लिहायचं होतं, बोलायचं नव्हतं. हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे लॅपटॉप होता. तिने एक मालिका लावून दिली आणि म्हणाली, "खालची अक्षरं वाच आणि कान उघडे ठेव. महिन्यात फरक पडेल." फरक पडायला वर्ष लागलं, पण पडला. तिचे ते उपकार मी विसरलेले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील टेम्पो चालवतात, आई दुसऱ्यांच्या बागेत कामाला जाते. कुणी लॅपटॉप उघडून शेजारी बसवून घेणं ही मला तेव्हा फार मोठी गोष्ट वाटली होती.

अशा तीन मालिका मी सबंध पाहिल्या. प्रत्येकीत एक यान, त्याचा एक कॅप्टन आणि दर भागात नवं संकट. इंग्रजीपेक्षा मला त्या कॅप्टनांमध्येच रस वाटायला लागला. शाळेची सवय, त्यामुळे मी वहीत तीन रकाने आखले आणि वर लिहिलं, 'फरक स्पष्ट करा'. पहिली कॅप्टन बाई होती. रोज सकाळी ती यानाच्या सगळ्या मजल्यांवरून चालत जायची, कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे तिला ठाऊक असायचं. निर्णय मात्र सावकाश घ्यायची. दुसरा वयस्कर, कमी बोलणारा. सगळ्यांना विचारायचा, मग एकटा ठरवायचा, आणि काही बिघडलं की वर पाठवायच्या अहवालात 'हुकूम माझा होता' एवढंच लिहायचा. तिसरा तरुण. त्याला जुनं, सुस्तावलेलं यान मिळतं आणि पहिल्याच भागात तो सगळ्यांच्या जागा बदलतो. इंजिनवाल्याला नकाशावर बसवतो, नकाशेवालीला इंजिनावर. त्याचं म्हणणं, माणूस एकाच जागी राहिला की डोकं वापरणं सोडतो. भाग संपेपर्यंत यान दुप्पट वेगाने धावू लागतं.

मला तिसरा आवडायचा. त्याच्या रकान्यात मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं.

शिक्षण संपल्यावर पिंपळगावला एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली. नाशिकला आडगाव नाक्याजवळ खोली घेतली आणि सकाळच्या बसने जाऊ लागले. कामाची जागा म्हणजे एक लांबलचक हॉल, बारा टेबलं आणि प्रत्येक टेबलावर दोन बायका. बागेतून द्राक्षांचे क्रेट येतात. एकजण कात्रीने घडातले खराब मणी काढते, दुसरी वजन करून घड खोक्यात भरते. वर एक कागदी पॅड ठेवतात, प्लॅस्टिक दुमडतात, झाकण लावतात. त्या पॅडमधून हळूहळू वायू सुटतो, त्यामुळे जहाजातल्या पंचवीस-तीस दिवसांत द्राक्षांना बुरशी लागत नाही. पॅड राहिला तर खोकं परदेशात पोचेपर्यंत खराब होतं. दोन पडले तर जास्त वायूने मणी पांढरे पडतात.

ह्या चोवीस बायका एकाच गावच्या, एकत्र कामाला येणारी एक गँग. त्यांची मुकादम पन्नाशीची असेल. तिला सगळ्या मावशी म्हणायच्या, मीही म्हणू लागले. जोड्या तिने लावलेल्या होत्या आणि त्या वर्षानुवर्षं बदललेल्या नव्हत्या. काही जावा-जावा, काही शेजारणी, एक जोडी मायलेकींची.

दुपारच्या सुट्टीत आम्ही एकत्र जेवायचो. त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं असायचं, म्हणून मी यानांच्या गोष्टी सांगायला लागले. त्या फार लक्ष देऊन ऐकायच्या.

"त्या यानात बाया हायेत का?" एकीने विचारलं.

"आहेत की. अर्ध्या बायकाच आहेत."

"मंग भाकरी कोण थापतं?"

"मशीनमधून निघतं जेवण. बटण दाबायचं."

"मंग कॅप्टनला कामच काय ऱ्हातं?" ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तिसऱ्या कॅप्टनची गोष्ट सांगितली तेव्हा मावशी चपातीचा घास तसाच हातात धरून बसली. "एका दिवसात इंजिनवाल्याला नकाशा वाचता आला?"

"आला. हुशार होता तो."

"आमच्याकडं नवी सून चार महिने मिठाचा डबा हुडकते," मावशी म्हणाली. "टीव्हीवाल्यांचं बरं हाय. तासाभरात समदं शिकवून मोकळे." मग तिने मला पहिल्या कॅप्टनबद्दल विचारलं, ती जी फिरून सगळ्यांची विचारपूस करते. "ती बाई घरची दिसते," एवढं बोलून तिने डबा बंद केला.

मी ते गमतीवारी नेलं. माझ्या डोक्यात वेगळं चाललं होतं. मॅनेजर साहेब आठवडाभर म्हणत होते की शेजारच्या पॅकहाउसमध्ये तेवढ्याच बायका आपल्यापेक्षा जास्त खोकी भरतात. मी दोन दिवस हॉलमध्ये उभं राहून बघितलं. काही जोड्यांमध्ये दोघीही वेगात, काहींत दोघीही सावकाश. माझ्या मनात आलं, एक वेगवान आणि एक सावकाश अशा नव्या जोड्या केल्या तर सगळी टेबलं सारखी चालतील. रात्री खोलीवर बसून तक्ता केला. टेबल नंबर, कापणार कोण, भरणार कोण, झाकण कोण लावणार. सकाळी तो हॉलमध्ये चिकटवला.

मावशीने तो एका मुलीकडून वाचून घेतला. "मॅडम, जोड्या मोडू नका," ती म्हणाली. "काम जोडीनं होतं."

"मावशी, एक दिवस करून बघू. नाही जमलं तर उद्या परत होतं तसं."

"हंगामाच्या मधीच का बघायचं?"

मी तिला वजनकाट्यावर उभं केलं, कारण हॉलमध्ये फिरत राहिली असती तर बायकांनी तिच्याकडेच बघितलं असतं. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा असं म्हटलं नव्हतं, पण कारण तेच होतं.

सकाळ चांगली गेली. थोडी कुरबुर झाली. मायलेकींमधली लेक दोनदा आईच्या टेबलाकडे जाऊन आली. पण खोकी भराभर निघत होती. साहेब एकदा येऊन बघून गेले आणि "छान, मॅडम" म्हणाले. भरलेली खोकी थंड करायच्या खोलीत जात होती. संध्याकाळी कंटेनर भरून न्हावा-शेव्याला निघायचा होता.

जेवणानंतर मी पॅडचे नवे गठ्ठे काढायला स्टोअरकडे निघाले, आणि टेबलांजवळच्या मांडणीवर सकाळचेच दोन गठ्ठे न फोडलेले दिसले. सकाळी मी ते खोक्यांच्या हिशोबाने मोजून काढले होते. ते संपायला हवे होते. मी जवळच्या टेबलावरच्या बाईला विचारलं, "पॅड कोण घालतंय इथे?"

ती समोरच्या बाईकडे बघायला लागली. समोरची माझ्याकडे.

"आमच्यात ती घालायची," पहिली म्हणाली. म्हणजे तिची जुनी जोडीदारीण, जी आता चार टेबलं पलीकडे होती.

"आमच्यात बी माझी जोडीदारीणच घालायची," दुसरी म्हणाली. "मला वाटलं नव्या पद्धतीत पॅड नसंल. कागदावर तर नव्हताच."

खरंच नव्हता. माझ्या तक्त्यात कापणं होतं, भरणं होतं, झाकण होतं. पॅड मी भरण्यातच धरून चालले होते. बायकांनी मात्र तो आपापसांत वाटून घेतलेला होता. कुठे कापणारी मागे हात करून पॅड उचलायची, कुठे भरणारी. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, ते जोडीत होऊन जायचं. मी जोड्या मोडल्या तशी काही टेबलांवर दोघीही न घालणाऱ्या एकत्र आल्या. पुढे लक्षात आलं की एका टेबलावर दोघीही घालणाऱ्या आल्या होत्या.

खोक्यावर जोडीचा नंबर टाकतात, त्यावरून कळलं असतं. पण नव्या जोडीने कुणाचा नंबर टाकायचा हेही मी सांगितलं नव्हतं. काहींनी जुना टाकला, काहींनी टेबलाचा. म्हणजे सकाळपासूनचं प्रत्येक खोकं उघडून बघण्यावाचून इलाज नव्हता.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी कंटेनरवाल्याला थांबायचा फोन केला आणि मला म्हणाले, "गँगकडून झालंय ना? पलीकडच्या गावची गँग रोज फोन करतेय. उद्यापासून त्यांना बोलावतो. तुम्ही आत्ता तेवढं लिहून द्या, मला वर पाठवायचंय."

मी "हो" म्हटलं नाही, "नाही"ही म्हटलं नाही. "बघून सांगते" म्हणून बाहेर आले. मला तीन महिने झाले होते, अजून कायम केलेलं नव्हतं. दुसरा कॅप्टन मला त्या वेळी आठवला, हे खरं आहे. पण त्याने 'हुकूम माझा होता' असं लिहिलं की पुढच्या भागात तो त्याच खुर्चीवर बसलेला असायचा, हेही आठवलं. माझ्या पुढच्या भागाची कुणी खात्री दिलेली नव्हती.

मावशी हॉलच्या दाराशी उभी होती. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच असतं, तिने ऐकलं होतं.

"काय लिहिणार हाय तुमी?" तिने विचारलं.

मी तिला ओलांडून हॉलमध्ये जायला निघाले.

"चोवीस घरं हायेत माझ्यामागं. दोन महिन्यांचं काम हाय अजून." तिने कमरेची पिशवी उघडली. माझा तक्ता भिंतीवरून काढून, घडी करून तिने त्यात ठेवला होता. "आमचं नाव लिहिलं तर मी हा कागद साहेबांम्होरं ठेवीन. तुमचं अक्षर हाय."

तेव्हा मी आधीच ठरवलं होतं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी ठरवलं नव्हतं. तिने कागद दाखवला नसता तर मी काय लिहिलं असतं, हे मला आजही माहीत नाही. मी आत गेले आणि लिहून दिलं: जोड्या मी बदलल्या, मुकादमाने नको सांगितलं होतं, पॅडचं काम मी कुणालाच नेमून दिलं नाही.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे असं वर पाठवू?"

"हो, सर."

"बरं. आधी खोकी उघडा."

थंड झालेली द्राक्षं उबेत आणली की त्यांना पाणी सुटतं, म्हणून खोकी आतच उघडायला हवी होती. आत थंडी अशी की बोटं वळत नाहीत. बायकांकडे स्वेटर नव्हते. आमच्याकडचे चार जाड कोट होते ते पाळीपाळीने घालून, चारचार जणी दहा मिनिटं आत आणि मग बाहेर, असं मावशीने लावून दिलं. मला तिने पॅडचा गठ्ठा धरून दारात उभं केलं. जुन्या जोड्याच आत पाठवल्या तिने. एक झाकण उघडायची, दुसरी बघायची.

"मॅडम, तुमच्या त्या कॅप्टनला बोलवा की कोट घेऊन," बाहेर येताना एकजण हात चोळत म्हणाली.

"तो इंजिनवाल्याला शोधत आसंल," दुसरी म्हणाली.

मी हसले नाही, पण मला बरं वाटलं. त्या माझ्याशी बोलत होत्या.

पॅड खोक्यांइतकेच मोजून काढलेले होते, तरी बिनपॅडची खोकी उरलेल्या पॅडपेक्षा सात जास्त निघाली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मावशीच म्हणाली, "सात ठिकाणी दोन पडलेत. हुडका." शेवटच्या रचाईत ती सात खोकी सापडली. दिवस मावळताना कंटेनरचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला हॉलमधून काढून गेटवर नेमलं. आलेल्या क्रेटमधली द्राक्षं पिळून गोडी मोजायची आणि वहीत आकडा टाकायचा. मला कायम करायचं पुढच्या हंगामावर गेलं. गँग मात्र राहिली. साहेबांनी तिला काही बोल लावला नाही, आणि माझी बाजूही घेतली नाही. मला ते योग्य वाटलं.

गेटवर बसून वेळ भरपूर मिळायचा. मी ते तीन रकाने पुन्हा मनात लावून बघितले. तिसरा कॅप्टन आजही मला वाईट वाटत नाही. त्याच्या यानावर प्रत्येकाचं काम पाटीवर लिहिलेलं होतं, म्हणून त्याचं जमून गेलं. आमच्याकडे निम्मं काम कुठेच लिहिलेलं नसतं. ते शेजारी उभ्या असलेल्या माणसात असतं. सकाळी मजल्यामजल्यावरून चालणाऱ्या त्या बाईच्या रकान्यात मी 'वेळ वाया घालवते' असं लिहिलं होतं. ती चालताना काय गोळा करत होती ते मला कळलं नव्हतं.

दुपारी मी डबा घेऊन हॉलमागे जाणं बंद केलं होतं. आठवड्याने मावशीनेच गेटवर निरोप पाठवला की जेवायला ये. गेले. कुणी त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीही यानाची गोष्ट सांगितली नाही.

हंगाम संपला तेव्हा साहेबांनी पुढच्या वर्षीचं ठरवायला मावशीला बोलावलं. ती म्हणाली, आम्ही येतो, पण एक गोष्ट आधी लिहून घ्या, जोड्या आम्ही लावणार. साहेब म्हणाले, लिहून देतो. मावशीने मान हलवली. "तुमी नगं. मॅडमला बोलवा. तिनं लिहायचं."

मी गेटवरून आले. साहेबांनी कागद पुढे केला. मावशी खुर्चीवर बसली नाही, माझ्या शेजारी उभी राहिली आणि एकेक टेबल सांगायला लागली. कापणार कोण, भरणार कोण, आणि पॅड कोण घालणार. शेवटचं ती प्रत्येक वेळी जरा थांबून सांगायची, आणि माझं लिहून होईपर्यंत कागदावरून नजर काढायची नाही. तिला वाचता येत नाही. बारा टेबलं झाल्यावर तिने मला सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. आठव्या टेबलावर मी पॅडचं काम चुकून कापणारीच्या नावापुढे घातलं होतं. तिने ते ऐकूनच पकडलं. मी खोडून दुरुस्त केलं, आणि मग तिने अंगठा उठवला.