मांजरेच्या काठातलं शिंग

हाडक्या मामा दगड चाटायचे. मांजरा नदीच्या काठाला शेळ्या चारताना एखादा तपकिरी तुकडा दिसला की धोतराला पुसून सरळ जिभेवर ठेवायचे. "जिभंला चिकटलं तर हाड, न्हाई चिकटलं तर धोंडा," हे त्यांचं शास्त्र. गाव हसायचं, नावही गावानेच पाडलेलं.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा ते टोपीत गुंडाळून एक दगडी दात घेऊन आले. "गुरुजी, ह्यो गुराचा दात हाय. पर आपल्या गुराचा न्हाई. येवढ्या दाताचं जनावर माज्या गोठ्याच्या दारातून आत येनार न्हाई." त्यांचं बरोबर होतं. गुराच्याच कुळातला, पण हजारो वर्षांपूर्वी संपलेला रानबैल. मी पुस्तकातून जे शिकवायचो, ते त्यांना आयुष्यभर गुरं हाताळून कळलं होतं.

हाडाचा दगड कसा होतो, हे मी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं. मेलेलं जनावर गाळाखाली पटकन गाडलं गेलं पाहिजे. मग पाण्यातले क्षार हाडाच्या बारीक छिद्रांत भरत जातात. ते म्हणाले, "म्हंजे उघड्यावर मेलं ते गेलंच. कुत्री खात्यात, ऊन फोडतं. हजारात एक ऱ्हात असंल." दुसऱ्यांदा ते पाणघोड्याचा दात घेऊन आले. हे जनावर मांजरेत डुंबायचं म्हटल्यावर ते कोरड्या पात्राकडे बघून म्हणाले, "बारा महिने पानी हुतं तर. पानी गेलं, त्येबी गेलं. जे बदललं न्हाई, ते ऱ्हायलं न्हाई." उत्क्रांतीचा धडा मी इतक्या थोडक्यात कधी शिकवू शकलो नाही.

मग एका उन्हाळ्यात त्यांना काठाच्या मातीतून बाहेर आलेलं शिंग दिसलं. मागे अख्खी कवटी होती. शिंग माझ्या हाताहून लांब. मामा खुरपं घेऊनच आले होते. मी त्यांना अडवलं. "मामा, हात लावू नका. कोणत्या थरात आहे हे तज्ज्ञांना बघावं लागतं. मी पत्र लिहितो."

"किती दिस लागत्याल?"

"येतील आठवड्याभरात."

मी पत्र लिहिलं. मग दुसरं. मग आम्ही दोघं एसटीने बीडला जिल्हा कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने अर्जावर शिक्का मारला आणि विचारलं, "हाड कुणाचंय? बैलाचं? मग त्याचं काय एवढं?" मामांनी समजावायला सुरुवात केली; तो फोनवर बोलू लागला.

दोन महिने मामा रोज तिथे जाऊन बसले. शिंगावर त्यांनी ओलं पोतं टाकलं होतं. एक दिवस नातीला ताप आला म्हणून ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा वाळू उपसणाऱ्या यंत्राने तो काठच खाल्ला होता. ढिगात हाताएवढे पांढरट तुकडे. मामांनी एकही उचलला नाही.

"गुरुजी, त्या दिशी मी काडलं आस्तं," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते नदीकडे गेले नाहीत. शेळ्या विकल्या. पुढच्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेले. सुनेने घर सारवताना मामांनी कोपऱ्यात जमवलेले दगड उकिरड्यावर टाकले; मला कळलं तेव्हा त्यांच्यावरून ट्रॅक्टर गेला होता.

परवा अभ्यासक आले. माझ्या पहिल्या पत्राचा कागद त्यांच्या हातात होता. मी त्यांना काठाच्या जागचा पाण्याने भरलेला खड्डा दाखवला आणि मोबाईलमध्ये तेव्हा काढलेला कवटीचा फोटो. एकाने तो बराच वेळ मोठा करून पाहिला. "सर, प्रत्यक्ष नमुना नसेल तर नोंद घेता येत नाही."

"ज्यांनी शोधलं त्यांचं नाव तरी लिहा," मी म्हणालो.

"कशाखाली लिहू?" त्याने खरोखरच विचारलं.