रडारला न दिसलेलं गवत

गारखेड्यातून सकाळी सात वाजता निघालो. गाडी सलीमभाई चालवत होते आणि माझ्या मांडीवर नकाशाची गुंडाळी होती. उपग्रहावरचं रडार जमिनीकडे लहरी सोडतं. परत येणाऱ्या लहरींवरून खाली खडक आहे, झाडी आहे की पाणी, हे ओळखता येतं. ढग आड आले तरी अडत नाही. त्या चित्रांवरून मी आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगरामागचा नकाशा केला होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हा माझा पहिलाच नकाशा. त्यावर बारा तुकडे पिवळे होते. पिवळं म्हणजे पडीक. पडीक जागेला कुंपण घालून रोपं लावायची आमच्या कार्यालयाची योजना होती. एक फेरी मारून संध्याकाळी मला सही करायची होती.

सलीमभाईंनी विचारलं, "मॅडम, ऊपर से सब दिखता तो नीचे कायको जारे?"

पहिल्या पिवळ्या तुकड्याशी उतरले आणि थबकले. नकाशावर उघडा खडक होता; समोर उतारभर कमरेइतकं वाळलेलं गवत उभं होतं. जागा चुकली असं वाटून हातातलं जीपीएस यंत्र दोनदा पाहिलं. जागा तीच होती. आत शिरले तर सलवारीत गवताची टोकदार कुसळं घुसली.

बांधावरून हाक आली. "ए बाई, कुठं शिरलीस? होळीपर्यंत आमचं मेंढरूबी तिथं जात नाय."

त्या भागाबाई, खाली मेंढरं चारत होत्या. इथली धनगर घरं पावसाळ्यापासून हा उतार राखतात, असं त्यांनी सांगितलं. ज्याचं जनावर आत जाईल त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आता तुलाबी ते लागू झालं."

दंड म्हणून सलीमभाईंनी आणि मी डबे उघडले. माझी खिचडी त्यांनी चाखली, अळणी आहे म्हणाल्या आणि आम्हा दोघांना भाकरी-ठेचा वाढला.

जेवताना त्यांनी नकाशातल्या पिवळ्यावर बोट ठेवलं. मी हळूच सांगितलं, पडीक. कुंपणाचंही सांगितलं.

भागाबाईंचा घास हातातच राहिला. "पडीक नाय बाई, राखलेलं हाय. कुंपण घातलं तर उन्हाळ्यात मेंढरं कुठं न्यायची?"

माझी चूक तिथं उमगली. ओल्या मातीनं रडारचं चित्र बिघडतं, म्हणून मी मुद्दाम कोरड्या जानेवारीतली चित्रं निवडली होती. पण वाळलेल्या गवतात लहरी अडवणारं पाणीच उरत नाही. लहरी त्यातून आरपार गेल्या आणि थेट दगडाला भिडल्या. पावसाळ्यातलं एक चित्र शेजारी ठेवलं असतं तर फरक कळला असता.

त्यांच्यासमोरच पिवळं खोडलं आणि बाजूला 'राखलेलं कुरण' असं लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

परतीच्या वाटेवर साहेबांना फोन केला. आज सही होणार नाही, पावसाळ्यातली चित्रं लागतील, असं सांगितलं. ते वैतागून म्हणाले, किती दिवस? आमचे कॉलेजातले सर सांगायचे, नकाशा पायानं तपासावा. ते वाक्य मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण घेतले होते. सरांचं म्हणणं त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

"अजून अकरा तुकडे आहेत, साहेब," मी म्हणाले. "सगळे चालून होईपर्यंत."