दाखल्यापुरतं कुलदैवत

करंडा घेतलेली बाई माझ्यासमोर आली, थांबली, आणि माझ्या शेजारणीला कुंकू लावून पुढं गेली. मी मान पुढं केलेली होती. ती मागं घेताना खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

मग पन्हं आलं. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, मला कागदी कपात. देणारी म्हणाली, "पेले कमी पडले." तिच्यामागं ओट्यावर सहा पेले पालथे घातलेले होते. मी मोजले. आणि तरी पन्हं प्याले. उठून जायचं सोडून घोट घोट प्याले, वर "छान झालंय" म्हणाले. यासाठी मला त्या बाईपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

मंचरमधली सोसायटी. चार मजले, सोळा फ्लॅट. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आम्ही घेत होतो. तो एका निवृत्त गुरुजींचा होता, त्यांना पुण्याला लेकाकडं जायचं होतं. मी शिनोलीच्या बाजूला उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. नवऱ्याचं कळंबला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढली, तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी मालकाला अचानक आठवायचं, की पुतण्याचं लग्न ठरलंय आणि खोली लागणार आहे. तिन्ही मालकांना पुतणे होते, हा योगायोगच म्हणायचा.

यंदा पाडव्याला मंचरात घरांचं प्रदर्शन भरलं. मांडव, फुगे, सनई, बँकांची टेबलं. पेपरात रोज तेच. हायवे झाला, भाव चढले, व्याज उतरणार, थांबू नका. नवऱ्यानं सगळ्या मांडवातून चक्कर मारली आणि बाहेर येऊन म्हणाला, "नवं आपल्याला झेपायचं न्हाई. पण आता जुनं बी घेतलं न्हाई, तर फुडच्या पाडव्याला तेबी हातचं जाईल." म्हणून गुरुजींचा फ्लॅट. बँकेनं कर्ज मंजूर केलं. आता फक्त सोसायटीचा ना हरकत दाखला हवा होता. तो मिळाला की अक्षय तृतीयेला व्यवहार. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं होतं, त्या दिवसापर्यंत थांबेन, पुढं दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

गुरुजींच्या बायको मायाळू. त्याच म्हणाल्या, "सोसायटीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू हाय. तुमी या. बायकांची वळख झाली की दाखला कुटं जातोय!"

आदल्या दिवशी नवरा जेवताना म्हणाला, "कुनी इचारलंच तर खंडोबा सांग. आर्ध्या तालुक्याचा खंडोबाच हाय. कोन बघाया येतंय?"

आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. आडनावावरून कळलं नाही की माणसं गाव विचारतात. गाव कळलं की आळी. आळी सांगायचं टाळलं की कुलदैवत. ही आपल्याकडची जुनी चौकशी, तोंडात साखर ठेवून करतात. मी बौद्ध. आमच्यात कुलदैवत नाही, हे सांगायला तीन शब्द पुरतात. पण मी वाटभर "जेजुरी, जेजुरी" घोकत गेले. तेव्हा मला लाज वाटली नाही. खोटं कशाला सांगू, हुशारी वाटली.

हळदीकुंकू अध्यक्षांच्या घरी होतं. झोपाळ्यात गौर, पुढं कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ. अध्यक्षांच्या बायकोला सगळ्या काकी म्हणतात. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"माहेर खोडदचं व्हय? त्या दुर्बिणीपाशी?"

"हो."

"घर कुठल्या अंगाला?"

"रस्त्याला लागूनच आहे."

"बरं. आन कुलदैवत?"

"जेजुरी."

काकींचा चेहरा एकदम फुलला. "अगं बाई, आमचंबी खंडोबाच! मग तळी कोन उचलतं तुमच्याकडं?"

मला वाटलं, साधा प्रश्न आहे. देवाचं घरातल्या बायकाच तर सगळं करतात. मी म्हणाले, "मी आणि सासूबाई."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तळी पाच पुरुष मिळून उचलतात, भंडार उधळतात, येळकोट म्हणतात. त्या खोलीतल्या शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक होतं. मला नव्हतं. गावात ज्या घरांत तळी उचलत, त्या घरांच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेलेच नव्हते. मला कोण दाखवणार तळी? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काकी नुसत्या "हां" म्हणाल्या आणि उठल्या. मग तो करंडा आणि मग तो कप.

त्यानंतर दाखल्याचं भिजत घोंगडं पडलं. आज सचिव नाहीत, बैलगाडा बघायला यात्रेला गेलेत. आज शिक्का नाही. आज मीटिंगला माणसं भरली नाहीत. नवरा रोज दुकान बंद करून अध्यक्षांकडं जायचा आणि रोज चहा पिऊन यायचा. चहा मात्र देत होते. बँकेतला साहेब फोन करून विचारायचा, "मॅडम, एक कागद फक्त. त्याला एवढा वेळ?"

मी उपकेंद्रात काम करत होते. बाळंतिणीच्या घरात मी सरळ आतल्या खोलीत जाते. हातात सुई असली की कोणी कुलदैवत विचारत नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी खोडदला गेले. आई ओसरीवर नवं निळं कापड बांधत होती. अजून कांद्याच्या काढणीला जाते, कंबर वाकली तरी जाते. मला वाटलं तिला सांगावं, ती त्या बायकांना दोन शिव्या देईल, माझं मन हलकं होईल. मी सगळं सांगितलं. कप सांगितला, पेले सांगितले.

आईनं कापडाची गाठ मारली आणि विचारलं, "आदी तू काय सांगितलंस?"

"जेजुरी."

ती स्टुलावरून खाली उतरली.

"आपल्या घरात खंडोबाचा टाक व्हता. धम्म घेतला तवा तुझ्या आजीनं तो पदरात बांधला आन नदीत सोडला. तिच्या सासऱ्यानं चार दिस तिला घरात घेतलं न्हाई. तान्हं लेकरू घिऊन भाईर झाडाखाली ऱ्हायली ती. तरी म्हनली न्हाई, का चुकलं म्हनून."

तिनं कापडाचं दुसरं टोक उचललं.

"ती घरासाठी देव मागारी आनू शकत व्हती. न्हाई आनला. आन तू दाखल्यासाठी आनलास."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढं बोलून परत कापड बांधायला लागली. मला कानशिलात बसल्यासारखं झालं. कागदी कप त्या बायकांनी दिला होता. पण त्याआधी मीच माझ्या आजीला घराबाहेर बसवून आले होते. हे कळलं आणि मी तिथंच, आईच्या ओसरीवर, मोठ्यानं रडले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

जयंतीनंतर दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. दोघंही या, काम होऊन जाईल.

त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक ना हरकत दाखला, सही-शिक्क्यासकट तयार. दुसरं हमीपत्र, माझ्या सहीसाठी. त्यात लिहिलेलं, की बाल्कनीत किंवा आवारात कोणताही झेंडा, प्रतिमा लावणार नाही, कोणाचीही जयंती साजरी करणार नाही. सोसायटीच्या फाटकावर गणपती आहे. गच्चीवर भगवा आहे. वर्षातून चार वेळा मांडव पडतो. सोळा फ्लॅटांतल्या कोणीही असं हमीपत्र दिलेलं नव्हतं. मी विचारलं म्हणून कळलं.

अध्यक्ष वाईट बोलणारा माणूस नाही. आवाज कधी चढवत नाही. म्हणाला, "ताई, गैरसमज नको. तुम्ही आमच्या मंडळींना जेजुरी सांगितलं ना? मग तेच चालू द्या. आम्ही कुणाला काही सांगणार नाही. तुम्हालाही सोपं, आम्हालाही सोपं."

म्हणजे माझं खोटं त्यांनी पकडलं होतं आणि आता तेच मला घर म्हणून देत होते. तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, आणि आयुष्यभर खंडोबा. माझ्या पोरीनं शाळेत काय सांगायचं, तेही त्यात आलं.

नवरा हळूच म्हणाला, "कर सही. कागूदच हाय त्यो. आत गेल्याव बघू."

मी अध्यक्षांना म्हणाले, "जेजुरी मी खोटं सांगितलं. ती माझी चूक. आम्ही बौद्ध आहोत. आता दाखला द्या."

"तसं नाही ना ताई, कमिटीचं म्हणणं..."

"मग नाही म्हणा. पण कागदावर म्हणा. कारण लिहा आणि खाली सही करा."

अध्यक्षांनी दोन्ही कागद उचलले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. कारण लिहायला काही त्यांचा हात धजला नाही.

बाहेर आल्यावर नवरा गाडीला किक मारायची सोडून उभा राहिला. "अकरा वर्सं," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली, रागही आला. मी म्हणाले, "घर काय तुलाच हवं होतं? मलाही हवं होतं. पण त्या घरात मी कोण म्हणून झोपू?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून घोडेगावला गेले, सहायक निबंधकांच्या कचेरीत. अर्ज हातानं लिहिला. तारखा, कप, हमीपत्र, अध्यक्षांचं वाक्य जसंच्या तसं. "जेजुरी मी सांगितलं" हेही लिहिलं. लपवलं असतं तर त्यांनीच ते पुढं केलं असतं. कारकून वाचता वाचता थांबला. "ताई, कशाला वाढवता? राहायचंय ना तिथंच? मिटवून घ्या." मी म्हणाले, "पोच द्या." त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हणाले, "पोच द्या." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यानं शिक्का मारला.

अक्षय तृतीयेला गुरुजींनी फ्लॅट दुसऱ्याला दिला. त्यांच्या बायकोनं फोनवर रडून घेतलं. मी त्यांची समजूत काढली नाही. अर्जाची सुनावणी अजून लागलेली नाही, मी दर सोमवारी विचारायला जाते. नवरा आधी येत नव्हता, आता येतो. फ्लॅट गेला तरी अर्ज मागं घेणार नाही. त्यांना कारण लिहावंच लागेल.

आणि आम्ही घरं बघतोय. नारायणगावला दोन बघितली, मंचरला तीन. दारातून आत गेले की एजंट किचन दाखवायला लागतो. मी त्याला थांबवते. आधी सांगते, आम्ही बौद्ध आहोत, बाल्कनीत निळा झेंडा लागेल, जयंती होईल. मग भाव विचारते.