मिलिंदच्या खांद्यावरचा हात

गेला आठवडाभर गावी होतो, संग्रामपूरला… मिलिंदच्या पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे आम्हा बौद्धांकडे मयतानंतर होणाऱ्या विधीसाठी. मिलिंद म्हणजे माझा बालवाडीपासूनचा दोस्त. किडनीनं गेला. आमच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी पिऊन घरोघरी किडन्या जातात, त्यामुळे एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही.

मी पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत ग्राफिक्स प्रोग्रामर आहे. पडद्यावर उजेड कुठून येईल, सावली कुठे पडेल, याचा कोड लिहितो. गावात मात्र ग्राफिक्स म्हणजे बॅनर… लग्न असो की मयत, फ्लेक्सचं काम हक्कानं माझ्याकडे येतं. आधी चिडायचो, आता मुकाट्यानं करून देतो.

माझं खरं काम समजून घेतलं ते एकट्या मिलिंदनं. नोकरी लागली तेव्हा सगळं ऐकून, जरा विचार करून तो म्हणाला होता, "सावली बी लिहा लागते काय बे?" माझ्या कामाबद्दल इतका चांगला प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

तर त्याच्या आदरांजलीचा फ्लेक्सही माझ्याकडेच आला. त्याच्या चुलतभावानं सांगितलं, रंग जरा उजळ कर आणि कोट-टाय चढव. मी साफ नाही म्हटलं. कुणाचा चेहरा खोटा करायचा नाही, हा माझा एकच नियम… आणि मिलिंदनं उभ्या आयुष्यात कोट घातला नव्हता.

पण फोटो कोणता घ्यायचा? डायलिसिस सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक फोटोत चेहरा सुजलेला. शेवटी माझ्याच लॅपटॉपमध्ये लोणारचा एक सापडला. मला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड, आणि हा बिचारा माझी बॅग सांभाळत सरोवराच्या काठी उन्हात उभा… एका पर्यटकानं आम्हा दोघांचा काढून दिला होता. मिलिंद मोकळा हसतोय आणि माझा हात त्याच्या खांद्यावर. त्याच्या आईनं, म्हणजे मावशीनं, तोच निवडला.

त्यांच्याच घरी पुढच्या खोलीत कामाला बसलो. स्वतःला फोटोतून कापणं सोपं गेलं. हात जड गेला. एकेक बोट काढायचं, त्याखालचा चौकडीचा शर्ट नव्यानं जुळवायचा. मग शर्टावर त्या हाताची सावली तेवढी उरली… ती पुसताना त्याचा तो प्रश्न आठवला आणि मला पुढचं दिसेना. लिहावी लागते रे. पुसावीही लागते.

काम झकास झालं होतं, कुठे खूण राहिली नव्हती. प्रिंटला पाठवण्याआधी मावशीला दाखवलं. तिनं पदरानं चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"तुहा हात कुठी गेला?"

मी म्हटलं, मावशी, फ्लेक्सवर बरं दिसत नाही, लोक विचारतील हा कुणाचा हात.

"इचारू दे. अकोल्याले डायलिसिसले एकटाच जाये तो. आता चौकात तरी एकटा नोको उभा करू त्याले."

तिनं टोमणा मारला नव्हता. शांतपणे बोलली. पण जिथे लागायचं तिथे लागलं… त्या दिवसांत मी फोनवर 'काळजी घे' म्हणत होतो, आणि तो 'हाव' म्हणत होता.

हात परत आणला, सावलीसकट.

फ्लेक्स चौकात लागला. हसणारा मिलिंद, आणि खांद्यावर मनगटामागे माणूस नसलेला एक हात. दोघातिघांनी येऊन सांगितलं, भाऊ, कापायचा राह्यला वाटते. मी हो म्हटलं.

आज सकाळी एसटीनं निघालो. गाडी चौकातून वळली तेव्हा खिडकीतून पाहिलं. मी गाडीत, हात तिथेच.

तो जिवंत होता तेव्हा हा हात त्याच्या खांद्यावर असायला हवा होता… तरी मावशीनं राहू दिला.