बांधावरचे भाऊ

खुर्ची पुढे केली की ते तिच्यावर आपली पिशवी ठेवायचे आणि स्वतः उभे राहायचे. म्हणायचे, “बसलं का माणूस नुसत्या सह्या करते, मॅडम.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती समोर आली की आपलाच जीव थाऱ्यावर राहत नाही. हे मूळचे केळझरचे. दवाखाने, पतसंस्था, कॉलेजं यांनी एआय वापरताना कोणते नियम पाळायचे, लोकांची माहिती कशी सांभाळायची, हे शिकवत फिरायचे. वर्ध्यात आमच्या दवाखान्यात आले ते छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या नव्या प्रोग्रामसाठी. चहासुद्धा खिडकी ते दार येरझाऱ्या घालत प्यायचे. आमच्या सिस्टर म्हणायच्या, यांच्या पायाले भिंगरी हाय.

प्रोग्राम संशयाचे फोटो लाल करायचा, बाकीचे हिरवे. हिरवेही डॉक्टरनं उघडून पाहायचे आणि मगच सही, असा नियम. डॉक्टर म्हणजे मी. आणि मी काय करायचे? जेवायच्या आधी सगळे हिरवे एकदम निवडून सही ठोकायचे. पोटात कावळे ओरडत असताना कोण एकेक उघडत बसतं?

त्यांनी सह्यांच्या वेळा काढल्या. रोजच्या सगळ्या एकाच मिनिटातल्या. “मंग मशीनवर लक्ष कोण ठेवून राह्यलं?” एवढंच विचारलं. मला असा राग आला! आठवड्याभराचे हिरवे फोटो एकेक करून उघडले, यात काही निघत नाही हे त्यांना दाखवायलाच. निघालं. एका बाईच्या उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी डाग होता, शिकाऊ डॉक्टरलाही दिसेल असा. मी लगेच तिचा केसपेपर काढून फोन लावला.

कागदावर नंबर होता तो गिरडकडच्या एका किराणा दुकानाचा. खेड्यातली माणसं असाच कोणाचातरी नंबर देतात. दुकानदारानं विचारलं, काय झालं तिले? मी सांगणारच होते, तर यांनी फोनवर हात ठेवला.

“तिचा रोग पयले तिलेच सांगा लागते. दुकानात गेला तर उद्या तिच्या हातचं पाणी कोणी पिणार नाई.”

मग ती सापडायची कशी, म्हणून मी करवादले. ते तोवर गाडीची किल्ली घेऊन दारात पोचलेही होते.

गावात नुसतं तिचं नाव विचारत गेलो; ती शेतात कापूस वेचत होती. हे बांधावरच थांबले, आमचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब, आणि तिथंही इकडून तिकडे चालत राहिले. मी तिला सांगितलं. माझी चूकही सांगितली. तिनं ओटीतला कापूस बांधावर रिकामा केला आणि आमच्याबरोबर आली. तपासणीत टीबी निघाला. वेळेत सापडला म्हणून निभावलं.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं, प्रोग्रामची चूक आणि माझ्या सह्याही. मी म्हटलं, मी आले ना तुमच्याबरोबर, माझ्या सह्यांचं तेवढं गाळा.

“तुमचं लपवलं तर मशीनचंबी लपते, मॅडम.”

मी बोलणं टाकलं. काम संपलं, दवाखान्यानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. ते गेले त्या दिवशी मी मान वर करून निरोपसुद्धा घेतला नाही. याची मला आजही लाज वाटते.

मागच्या आठवड्यात ती बाई आली. गोळ्यांचा कोर्स कधीचाच पूर्ण झालाय, अंगावर मांस चढलंय. उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी पुढे करून म्हणाली, “ते बांधावरचे भाऊ कुठं हायेत? येताना सारा रस्ता बोलले, पन काय झालं म्हनून एकदाबी नाई विचारलं त्यायनं मले. त्यायच्यासाठी आनल्या.”

ते आता येत नाहीत, असं तिला सांगवलं नाही. “ठेवते,” म्हटलं.

ती गेल्यावर हिरव्यांची यादी उघडली. जेवणाची वेळ झाली होती. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानंच पहिला फोटो उघडला.