आईच्या तोंडी लेकीचं नाव

शिकवण्याच्या बाबतीत मला कुणी शहाणपण सांगितलेलं खपत नाही. नवरा म्हणतो, घरातही खपत नाही. असो. पालमच्या पुढं एका गावात चौथीपर्यंतची शाळा आहे, तिथं मी सहा वर्षं शिकवते. परभणीहून गंगाखेडपर्यंत रेल्वे, तिथून एसटी, मग फाट्यावरून पायी. गावात निम्मी घरं मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांची, बाकीची शेती नाहीतर मजुरी करणाऱ्यांची.

मागं एकदा मी परभणीहून पिशवी भरून चित्रांची पुस्तकं नेली. पोरं तुटून पडली. पण एका पुस्तकात कुत्रं पलंगावर झोपलेलं होतं, त्यावर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. मग एकानं विचारलं, "बाई, ह्यातल्या पोरांची नावं अशी कशी वो? आमच्यात असं नाव कुणाचंच न्हाई." खरंच नव्हतं. पुस्तकातल्या पोरांची नावं गोड, दोन-दोन अक्षरी, आणि ती कुणी ठेवली, का ठेवली याचा पत्ताच नाही. मी तिथंच ठरवलं, आपलं पुस्तक आपण करायचं.

जाड कागद दुमडायचे, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायचे, वरून जुन्या कॅलेंडरचं कव्हर. पुस्तकाचं नाव सगळ्यांचं एकच, 'माझ्या नावाची गोष्ट'. पहिल्या पानावर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात. मग नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, हे घरी विचारून त्याची चित्रं. शेवटच्या पानावर आईचं चित्र, आणि ती कशी हाक मारते ते लिहायचं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, परीक्षा तोंडावर आलीय अन् तुमी पोरांना टाचायला बसवायलात?" मी म्हटलं, "सर, ही भाषाच आहे. तुम्ही बघाच." काय बघायचं ते मलाही अजून माहीत नव्हतं, पण आवाज पक्का होता.

आणि काय काय निघालं त्यातून! कुणी जत्रेच्या दिवशी जन्मला म्हणून देवाचं नाव. दुकानदाराच्या मुलाच्या घरी सगळे गळ्यात लिंग बांधतात, त्याचं नाव त्यांच्या गुरूंनी कानात सांगितलेलं. एकीचं नाव चक्क मालिकेतल्या सुनेचं, आणि तिनं टीव्ही झकास काढला होता. मी भलतीच खूश होते.

तिसरीतल्या एका मुलीनं मात्र शेवटचं पान कोरं ठेवलं. हुशार पोर, पण नाकावर राग. तिचं नाव तिच्या वारलेल्या आजीचं. आमच्याकडं ही रीतच आहे, गेलेल्या माणसाचं नाव नातवंडाला ठेवतात. आणि दुसरीही एक रीत आहे, सून सासू-सासऱ्यांचं नाव तोंडानं घेत नाही. आता या दोन्ही रीती एका घरात आल्या की काय होतं? पोरीच्या आईनं पोरीला कधी नावानं हाकच मारली नव्हती. सासूला ती आत्याबाई म्हणायची, म्हणून लेकीलाही आत्याबाईच. तेही अहो-जाहो करून. शाळेच्या फाटकात उभी राहून ती ओरडायची, "आत्याबाई, डबा इसरलात की वो!" आणि सगळी पोरं फिदीफिदी हसायची.

"पान कोरं का गं?" मी विचारलं.

"तिच्या तोंडात माझं नावच न्हाई, बाई. तिला माझं नाव आवडत न्हाई. एकदा म्हणायला लावा ना तिला. एकदाच."

"लावते की! त्यात काय एवढं," मी म्हणाले. माझी जीभ अशीच पुढं पळते.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आई मेंढरं कोंडायच्या वाडग्यात लेंड्या झाडत होती. मी उभ्या उभ्या भाषण ठोकलं. जग कुठं चाललंय, तुम्ही कुठं आहात, लेकराच्या मनाचा विचार करा, सगळं. तिनं झाडू भिंतीला टेकवला, माझं शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, तुमी तुमच्या सासूला नावानं हाका मारता का?"

"सासूला नाही मारत. पण ही लेक आहे तुमची."

"लेकच हाय. पण नाव कसं आलं ते ठाव हाय का तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. ती सांगू लागली. ही तिसरी मुलगी. झाली तेव्हा बघायला आलेल्या बायका तोंडं पाडून बसल्या होत्या. कुणी म्हणालं, हिचं नाव असं ठेवा की पुढं पोरगी होणार न्हाई. सासू आजारी, अंथरुणाला खिळलेली. तिनं हे ऐकलं आणि बाळ आपल्या कुशीत मागून घेतलं. म्हणाली, "माझं नाव ठेवा हिला. मी असतानाच ठेवा. मग बघते ह्या घरात हिला कोण हिडीसफिडीस करतंय." पंधरा दिवसांनी ती गेली. आणि खरंच, आजतागायत घरात कुणी त्या पोरीवर आवाज चढवला नाही. बापसुद्धा तिला अरे-तुरे करत नाही.

"असं नाव हाय ते, बाई. मी तोंडातून कसं टाकू?"

मला लाज वाटली. स्पष्टच सांगते, लय लाज वाटली. पोरीला वाटत होतं आईला नाव आवडत नाही, आणि इथं तर आई ते नाव देव्हाऱ्यातल्यासारखं जपत होती. पण मी शब्द दिला होता, आणि ते कोरं पान काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"हे तिला कधी सांगितलंय?" मी विचारलं.

"न्हाई बा. ल्हान हाय ती."

"ती लहान नाही. शनिवारी शाळेत या. पोरं पुस्तकं वाचणार आहेत. नाव नका घेऊ, पण ही गोष्ट सांगा."

तिनं भिंतीचा झाडू परत हातात घेतला. दुसऱ्या दिवशी पोरीला मी खरं काय ते सांगितलं, "आई येईल बहुतेक. पण नाव घेईलच असं नाही." ती दिवसभर माझ्याकडं पाठ करून बसली. बरोबरच होतं तिचं.

शनिवारी आई आली. सोबत तिची चुलतसासू, गावातली सगळ्यात खवट म्हातारी. मनात म्हटलं, झालं, आता आई तोंडसुद्धा उघडायची नाही. पोरांचं वाचून झाल्यावर मी नुसतं आईकडं बघितलं. ती उठली. पदर डोक्यावर सारखा केला आणि सांगायला लागली. पाडलेली तोंडं, अंथरूण, कुशीत मागून घेतलेलं बाळ, सगळं तिनं सांगितलं. तिची लेक पोरांच्या रांगेत तोंड उघडं टाकून ऐकत होती. एकही पोर हसलं नाही.

गोष्ट संपली तरी ती खाली बसेना. लेकीकडं बघत तशीच उभी राहिली. तेव्हा म्हातारीनं काठी आपटली. मी दचकलेच. म्हातारी म्हणाली, "नवऱ्याचं घेतीस न्हवं उखाण्यात? मग सासूचं बी घे! ती काय रागावती का तुला?"

बायका हसल्या. आईनं डोळे पुसले, जरा विचार केला आणि मोठ्यानं म्हणाली,

"घोंगडीच्या उबेला निजलं कोकरू,
… माझी आत्याबाई, … माझं लेकरू!"

ठिपक्यांच्या जागी तिनं नाव घेतलं, दोन्ही वेळा, पूर्ण आणि स्पष्ट. मी ते इथं लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.

रांगेतली पोर ताडकन उभी राहिली, आणि फाट्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं ओ दिली.